इंचातले पाने

सातपूरला पस्तीस वर्षं लेथवर उभा होतो.
मिलिमीटरचा शंभरावा भाग
बोटाला कळायचा, अजून कळतो.
पण हिच्यासाठी वेगळी पिशवी आहे,
इंचातल्या पान्यांची,
ज्यांच्यावरचे आकडे जगाने कधीच सोडून दिले.
आपला चौदाचा पाना लावला तर नट गोल होतो
आणि बोटांची सालं निघतात.

देवळाली कॅम्पातल्या लिलावात
केरसास्प दलालांनी उचलली, तेव्हा म्हणे ती हिरवी होती,
टाकीवर कुठल्याशा पलटणीचा पांढरा नंबर.
त्यांच्याकडून भद्रकालीत, शरफू मिस्त्रींकडे,
नऊशे रुपयांच्या उधारीपोटी.
मिस्त्रींकडून मला.
शेवटच्या दिवसांत खाटेवरून
‘विकू नकोस’ वगैरे काही म्हणाले नाहीत.
म्हणाले, मॅग्नेटोला ओल लागू देऊ नकोस.

मार्गशीर्षातला रविवार. साडेपाच.
कार्बोरेटरची टिकली दाबून धरतो
बोटावर पेट्रोल उतरेपर्यंत.
स्पार्क मागे. डिकम्प्रेशनची कडी ओढून
किक हळूच खाली,
पिस्टन माथा ओलांडेल इतकीच.
मग सगळं अंग.
पहिली लाथ माझी. दुसरी तिची, थेट नडगीवर.
तिसरीला शेजारच्या पगारबाई
धाडकन खिडकी लावून घेतात,
म्हणजे मॅचलेस सुरू झाली.

मुलगा म्हणतो, नवी घ्या, बटणाची.
डोंगरासाठीच बनवलेल्या मिळतात आता.
बरोबर आहे त्याचं.

त्र्यंबक रोडवर ती कुरकुरते,
ट्रकवाले हसतात, एखादा सलाम ठोकतो.
अंजनेरीच्या मागे डांबर संपतं
आणि तिचा आवाज बसतो, जाड होतो,
पंगतीत पाट मिळालेल्या म्हाताऱ्यासारखा.
पुढे गांगुर्डेची बीएसए, म्हशीच्या चालीची:
घाई नाही, थांबणं नाही.
मागे दातांच्या डॉक्टर मंजिरी कुलथे,
आजोबांच्या एरियलवर, पायांवर उभ्या.
माझ्या मागच्या चाकाला शॉक नाहीत.
सीटखाली दोन स्प्रिंगा, आणि माझा मणका.

लोक सांगतात, चाकोरीबाहेर जा.
त्यांनी चाकोरी पाहिली नसावी.
मुरमात गाड्यांनी कोरलेली, वीतभर खोल;
एकदा चाक आत गेलं की हँडल नावापुरतं.
वळवायला गेलास की पडलास.
हात सैल, टाकी गुडघ्यांत, नजर लांब,
आणि तिला जाऊ दे.
ती घडली तेव्हा रस्ते
तोफांनी फोडलेलेच असायचे.
इतकी हळू चालते की एकेक ठोका मोजता येतो,
दोन ठोक्यांमध्ये
एका बुलबुलाचा आवाज मावतो.

ओढ्यात बंद पडली.
जेट तुंबला होता. तार घालायची नाही,
भोक मोठं होतं, हा मिस्त्रींचा दंडक.
पाण्यात गुडघाभर उभे राहून
आम्ही तिघं त्या सुईच्या नेढ्याएवढ्या भोकाकडे बघत होतो.
शिंदीच्या केरसुण्यांची मोळी डोक्यावर घेऊन
ठकूबाई बेंडकोळी वरून उतरली.
जरा वेळ बघितलं. मोळीतून एक काडी मोडली.
ही घाल.
गेली.

कितीला पडली रं गाडी?
फुकट आली, म्हटलं. तवाच अशी करती, म्हणाली.
आन् चाललात कुठं?
कुठं नाही. इथंच, डोंगरात.
ती मोळी सावरत ओढा ओलांडून गेली.
पलीकडून ओरडली,
मंग पोचलात की!

परतताना गिअर दोनदा निसटला.
रात्री मनगटं ठणकत होती, दोन्ही,
आणि मी हसत होतो, उगाच.

पिशवी आवरताना काडी सापडली, खिशातच राहिलेली.
पान्यांच्या शेजारी ठेवून दिली.
तिच्यावर आकडा नाही.